तेल, रंग आणि पायरी

देवळाच्या महाद्वारावरील नगारखान्यात जाणारा लाकडी जिना हा देवळातील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. सभामंडपातील कोरीव खांबांकडे यात्रेकरू मान वर करून पाहतात, दीपमाळेपुढे क्षणभर थांबतात. परंतु ज्या दहा-बारा पायऱ्या चढून वाजंत्री पहाटेचा चौघडा वाजवावयास जातो, त्यांच्याकडे पाहण्याचे कोणास कारणच पडत नाही. उन्हात तापावे, चार महिने पावसात भिजावे आणि रोज माणसाचा भार सोसावा, एवढेच त्यांचे चरित्र. अशाच एका जिन्याची चौथी पायरी काही वर्षांपूर्वी तिन्हीसांजेच्या वाजपास निघालेल्या एका वृद्ध वाजंत्र्याच्या पायाखाली मोडली. त्याचा घोटा दुखावला तो पुरता बरा झालाच नाही, आणि पन्नास वर्षे चालत आलेली त्याची सेवा त्या संध्याकाळी संपली.

नवल हे की, पायरी दिसावयास नवी होती. जत्रेपूर्वी महिनाभरच तिच्यावर चकचकीत तांबडा रंग चढविला होता. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलाविले. वृद्ध मेस्तांनी पटाशीचे टोक फळीत खुपसले, ते लोण्यात शिरावे तसे आत गेले. रंगाचा पापुद्रा सोलून त्यांनी आतला भुसा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "भायर रंग, भितर माती, वकीलबाब." मी त्या देवस्थानच्या समितीवर होतो. 'जिन्यास रंगकाम' या नावाखाली सादर झालेल्या तीन बिलांवर मंजुरीची जी सही होती, ती माझी. दोष कोणाचा, हे शोधण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही.

मेस्तांचे म्हणणे असे की, त्यांच्या वडिलांच्या काळी या जिन्याला रंग नव्हताच. पावसाळ्यापूर्वी काजूच्या टरफलांचे काळे तेल पाजीत. समितीतील दुसऱ्या एका सद्गृहस्थांचे म्हणणे असे की, तेल हा गरिबीतला उपाय, रंग ही सुधारणा. वाद तेल की रंग असा पडला. दोन्ही बाजू ऐकून निकाल देण्याच्या सवयीने मी या दोन पदार्थांचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आले की मूळ वादच चुकीचा मांडला गेला आहे. तेल आणि रंग हे प्रतिवादी नव्हेत. ते एकाच घरचे, पुढे विभक्त झालेले दोन भाऊ आहेत.

प्रथम तेलाविषयी. सर्व तेले लाकडाच्या कामाची नसतात. खोबरेल फळीला चोळले तर वर्षभरानेही ते तेलच राहते. त्यावर धूळ बसते, मुंग्या येतात. जवसाचे तेल, म्हणजे बाजारात ज्यास बेलतेल म्हणतात ते, याहून निराळे. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा घट्ट, चिवट पदार्थ होतो. ओले वस्त्र वाळते ते पाणी उडून गेल्यामुळे. जवसाचे तेल 'वाळते' ते बाहेरून काही घेतल्यामुळे. तेलाच्या या गुणाचे एक माप रसायनशास्त्रज्ञ वापरतात, त्यास आयोडीन-मूल्य म्हणतात. जवसाच्या तेलात ते सुमारे १७० ते २०० भरते, तिळाच्या तेलात ११०च्या आसपास, आणि खोबरेलात दहाच्या आतबाहेर. आक्रोड, खसखस आणि जवस ही वाळणारी तेले. लाकडाच्या इतिहासात त्यांचेच नाव वारंवार येते.

या इतिहासातील एक उत्तम साक्षीदार म्हणजे थिओफिलस हे टोपणनाव घेतलेला जर्मन भूमीतील एक ख्रिस्ती संन्यासी. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने कारागिरीवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्यात काचकाम आहे, धातुकाम आहे, आणि दारे तांबडी कशी करावीत यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. जवस कढईत पाण्यावाचून भाजावे, कुटावे, थोडे पाणी घालून पुन्हा तापवावे, फडक्यात बांधून घाण्यात दाबावे. निघालेल्या तेलात शेंदूर किंवा हिंगूळ दगडावर घोटावा. कुंचल्याने दारावर लावून उन्हात वाळवावे. मग दुसरा हात द्यावा आणि शेवटी रोगण चढवावे, असा तो विधी आहे. चित्रांतील आकृतींसाठी मात्र ही रीत कंटाळवाणी आहे, कारण एक हात वाळल्यावाचून दुसरा देता येत नाही, अशी तक्रारही त्याने केली आहे. म्हणजे तेलरंगाची ही जुनी कृती सापडते ती राजाच्या चित्रशाळेत नव्हे, तर दाराच्या फळीवर.

ही साक्ष कित्येक शतके कोणी विचारातच घेतली नाही. इटलीचा चित्रकार व चरित्रकार व्हासारी याने १५५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तेलरंगाच्या शोधाचे श्रेय फ्लँडर्सचा चित्रकार यान व्हान आइक (मृत्यू १४४१) याला देऊन टाकले. व्हासारीचे म्हणणे म्हणजे शंभर वर्षांनंतरची ऐकीव साक्ष. परंतु ती गोड होती, म्हणून टिकली. पुढे वोल्फेनब्युटेल येथील ग्रंथालयाचा ग्रंथपाल, नाटककार लेसिंग याच्या हाती थिओफिलसचे हस्तलिखित आले, आणि १७७४ साली त्याने तेलचित्रणाच्या प्राचीनत्वावर एक छोटासा प्रबंध छापून व्हासारीचा दावा खोडून काढला. लेखी पुराव्यापुढे ऐकीव पुरावा टिकत नाही, हा आमच्या व्यवसायातील नियम एका ग्रंथपालाने कलेच्या इतिहासात लागू केला.

पुराव्याची कथा तेथेही थांबत नाही. अफगाणिस्तानातील बामियानच्या भव्य बुद्धमूर्ती २००१ साली सुरुंग लावून उडविण्यात आल्या. मागे उरलेल्या गुहांतील भित्तिचित्रांचे कण शास्त्रज्ञांनी तपासले, आणि सातव्या शतकाच्या मध्यापासूनच्या काही चित्रांत आक्रोडासारख्या किंवा खसखशीसारख्या वाळणाऱ्या तेलाचा वापर झाल्याचे २००८ साली जाहीर केले. बौद्ध भिक्षूंच्या त्या लेण्यांतील कारागिरांना तेल आणि रंग यांचे नाते थिओफिलसच्या आधी काही शतके ठाऊक होते.

आणि आपल्याला? थिओफिलसने सांगितलेली द्रव्ये वाचून कोणाही देवळात वाढलेल्या वाचकास हसू येईल. शेंदूर आणि तेल! मारुतीच्या आणि गणपतीच्या मूर्तीला तेलात कालविलेला शेंदूर आपण पिढ्यान्पिढ्या चढवीत आलो आहोत. शेंदूर म्हणजे मूळचे शिशाचे तांबडे भस्म. तेलासह तो थरावर थर बसत जातो आणि कालांतराने त्याचे कवच होते. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचा जाड थर २०२२ साली काढण्यात आला, तेव्हा आतील मूळ रूप पाहून भाविक थक्क झाले. तेल आणि रंग एकत्र आले की काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. लेप राखतो, तसा तो झाकतोही. जे झाकले जाते ते देवाचे रूप असेल तर एक दिवस दर्शनाचा आनंद होतो. ते कुजलेले लाकूड असेल तर वाजंत्र्याचा पाय मोडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत लाकडाचा रंग म्हणजे बहुधा तेलात घोटलेली माती, शिसे किंवा गेरू. रंगारी तो जागेवर कालवी. पहिला हात पातळ, जवळजवळ नुसत्या तेलाचा देई, म्हणजे ते लाकडात मुरे, आणि पुढचे हात घट्ट देई. तेल हा रंगाचा पाया असे. त्या शतकाच्या उत्तरार्धात डब्यात बंद केलेला तयार रंग आला. कलकत्त्यास शालिमार कंपनी १९०२ साली निघाली, मुंबईस एशियन पेंट्स १९४२ साली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून कृत्रिम राळेचे रंग पुढे आले. ते लवकर वाळतात, चकाकतात, आणि लाकडात मुरण्यापेक्षा त्याच्यावर पापुद्रा धरतात. यात उत्पादकांचा दोष नाही. भिंतीला, दाराला, कपाटाला तो पापुद्रा उत्तम चालतो. दोष आपला, की आपण तोच पापुद्रा पायरीवर चढविला आणि तेलाचा पाया विसरलो.

पायरी ही दारासारखी नाही. दार उभे असते, त्यावरून पाणी निथळून जाते. पायरी आडवी असते, तिच्यावर पाणी साचते. दाराला हात लागतो, पायरीला टाच आणि टाचेखालची वाळू. ज्या ठिकाणी रोज पाऊल पडते तेथे पापुद्रा प्रथम झिजतो, मग त्याला केसासारखी चीर पडते. फळीच्या कापलेल्या टोकांतून आणि सांध्यांतून लाकूड पाणी पिते, कारण झाडाच्या मूळच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तेथेच उघड्या पडलेल्या असतात. चिरेतून आणि टोकातून आत शिरलेले पाणी रंगाच्या पापुद्र्यामुळे सहजी बाहेर पडत नाही. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या आत राहिला तर त्यास कुजविणारी बुरशी लागत नाही; रंगाच्या झाकणाखाली तो त्याहून कितीतरी वर जातो. आणि दर वर्षी जत्रेपूर्वी आपण आणखी एक हात देऊन ते झाकण अधिक घट्ट करतो.

कायद्यात दोषांचे दोन प्रकार मानतात: उघड आणि सुप्त. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमाने विकणाऱ्यावर बंधन घातले आहे ते मालमत्तेतील अशा महत्त्वाच्या दोषाबद्दल, जो विकणाऱ्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास साधारण काळजीने पाहूनही दिसणार नाही. डोळ्यांना दिसणारा दोष सांगावा लागत नाही. झाकलेला सांगावा लागतो. या दृष्टीने पाहिले तर तेल आणि रंग यांतील खरा भेद कळतो. तेल दिलेली फळी कुजू लागली तर ती काळवंडते, मऊ पडते, आपले दुखणे बोलून दाखविते. रंग दिलेली फळी मोडेपर्यंत हसत राहते. रंगाने उघड दोष सुप्त होतो.

ज्यांचा जीव लाकडावर अवलंबून होता, त्या लोकांनी हा भेद ओळखला होता. 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधली आणि ती १८१७ साली पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. त्या काळच्या अशा जहाजांची बाहेरची बाजू रंगविलेली असे; पण ज्या तक्तपोशीवर खलाशी अनवाणी धावत, ती रंगाविना ठेवून दगडाने घासून काढीत. ओल्या रंगावर पाय घसरतो, आणि रंगाखालची फळी कशी आहे हे कळत नाही. डोळ्यांसाठी रंग आणि पायासाठी उघडे लाकूड, ही वाटणी समुद्रावर दर्यावर्द्यांनी करून ठेवली होती.

दुसरे उदाहरण ब्रह्मदेशाचे, आणि ते कोकणास परके नाही. आमच्या जुन्या घरांतून 'बर्मा साग' हा शब्द अभिमानाने उच्चारला जातो. आणि त्या देशाचा अखेरचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीस बंदिवासात होता. इरावतीच्या काठी येनांजाऊंग येथे जमिनीतून खनिज तेल काढण्याचा धंदा फार जुना. कॅप्टन हायरम कॉक्स याने १७९७ साली त्या विहिरी पाहिल्या. हे तेल दिव्यांत जाळतात, आणि राळेसह कढवून घरांच्या लाकडांना व नावांच्या तळांना लावतात, म्हणजे त्यांस कूज व कीड लागत नाही, असे त्याने नोंदविले. ब्रह्मी विहारांच्या बाहेरच्या सागवानास हेच काळे तेल देत. आणि जेथे शोभा हवी तेथे झाडाच्या चिकाचा लेप देऊन त्यावर सोन्याचा वर्ख बसवीत.

मंडाले येथील श्वेनांडॉ विहार म्हणजे थिबाच्या पित्याचा, मिंडॉन राजाचा, राजवाड्यातील महाल. मिंडॉन १८७८ साली तेथेच वारला, म्हणून थिबाने तो महाल उतरवून राजवाड्याबाहेर हलविला आणि विहारास दिला. पुढे मार्च १९४५ मधील लढाईत मंडालेचा लाकडी राजवाडा जळून गेला. बाहेर नेलेला हा एक महाल तेवढा वाचला. एके काळी तो आतबाहेर सोन्याने मढविलेला होता. आतले सोने आजही दिसते. बाहेरचे ऊनपावसाने नेले. लेप गेला, साग राहिला. आणि जाता जाता ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, मंडालेच्या अशा थोर विहारांचे जिने बहुधा विटांचे व चुन्याचे आहेत. लाकडाचे मर्म जाणणाऱ्या त्या कारागिरांनी उघड्यावरच्या पायरीस लाकूडच वापरावयाचे टाळले.

आपल्याला ते नेहमी टाळता येत नाही. नगारखान्याचा जिना, रथावर चढण्याची शिडी, तळीकाठचा फळ्यांचा ओटा ही लाकडाचीच असतात. मग करावे काय? मेस्तांनी नवा जिना केला तेव्हा जुन्याचे व नव्याचे शहाणपण एकत्र केले, ते सांगतो. फळी बसविण्यापूर्वीच तिला सर्व बाजूंनी, विशेषतः खालून आणि कापलेल्या टोकांना, तेल पाजले. टोके तेल पीतच राहतात. ती नको म्हणेपर्यंत द्यावे. पृष्ठावर उरलेले तेल अर्ध्या घटकेत फडक्याने पुसून काढावे, नाहीतर ते चिकट होऊन बसते. त्यानंतर ऋतुमानाप्रमाणे आठवडे, गरज पडल्यास अधिक, थांबावे. कारण ओल्या तेलावर रंग धरत नाही, आणि रंगावर मागाहून तेल दिले तर ते आत जात नाही. क्रम उलटला की दोन्ही फुकट जातात. तेल पुरते वाळल्यावर उभ्या फळ्या, बाजूची तिरपी लाकडे आणि कठडा यांना रंग दिला. पाऊल पडते त्या आडव्या फळीला रंग मुळीच नाही. तिला दर वर्षी पावसाळ्यापूर्वी घासून, वाळवून, पुन्हा तेल. आमच्या दमट हवेत जवसाच्या तेलावर काळी बुरशी धरते हे खरे. ती घासली की निघते, आणि घासणाऱ्याची दृष्टी आपोआप प्रत्येक फळीवरून फिरते. मला वाटते, तेलाचा अर्धा गुण या फिरणाऱ्या दृष्टीत आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी येथेच सांगणे अवश्य आहे. पहिली जुन्या रंगाविषयी. शिशाच्या पांढऱ्या रंगाने रंगाऱ्यांना जडणाऱ्या विषबाधेमुळे १९२१ साली जिनिव्हा येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत नव्वद भाग ठरविणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. तेव्हा त्यापूर्वीचे जुने थर कोरडे खरवडून त्यांची धूळ मुलांच्या श्वासात जाऊ देऊ नये. दुसरी गोष्ट जवसाच्या तेलाच्या फडक्यांविषयी. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. बोळा करून टाकलेले फडके आपोआप पेट घेते. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी एका अडतीस मजली इमारतीस जी आग लागली आणि तीत तीन अग्निशामक जवान मृत्यू पावले, तिचा उगम लाकूडकामानंतर ठेवून दिलेल्या अशाच तेलकट फडक्यांत होता. ज्या देवळात समया अहोरात्र तेवतात तेथे ही गोष्ट विसरून चालणार नाही. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत, किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

हे सारे कामाचे तपशील झाले. परंतु वाजंत्र्याचा पाय केवळ तपशिलाच्या अज्ञानाने मोडला नाही. पूर्वी देवळातील प्रत्येक वस्तूस तिचा माणूस होता. समयांस एक, पालखीस एक, जिन्यास सुतार. त्याला मिळणारा मान आणि नारळ लहान असेल, पण वर्षातून एकदा तो ती वस्तू हाताने चाचपीत असे. आम्ही त्या जागी बिल आणले. १९३३ च्या माझानी कायद्याखाली वाढलेल्या आमच्या देवस्थानांत जमाखर्च लिहिण्याची शिस्त चांगली आहे. ती सोडा असे मी, वकील असून, कसा म्हणेन? पण बिलात काम झाल्याची नोंद येते, वस्तू कशी आहे याची येत नाही. मी तीन वर्षे कागद तपासला, जिना तपासला नाही. जत्रेपूर्वीचा रंग हा यात्रेकरूंच्या डोळ्यांसाठी होता. पावसाळ्यापूर्वीचे तेल चढणाऱ्या माणसासाठी असते, आणि त्या दिवसांत देवळात पाहुणे नसतात.

आता त्या देवस्थानच्या वहीत वैशाखात एक ओळ लिहिली जाते: 'जिना ठोकून पाहिला, तेल दिले.' खाली पाहणाऱ्याची सही असते. सही करण्यापूर्वी त्याने स्वतः बाराही पायऱ्या चढून उतरल्या पाहिजेत, असा ठराव आहे. तो ठराव मी मांडला आणि त्या वृद्ध वाजंत्र्याच्या मुलाने अनुमोदन दिले. हल्ली चौघडा तोच वाजवितो. जिन्याचा कठडा तांबडा आहे, जत्रेत शोभतो. पायऱ्या मात्र काळ्या आहेत, त्यांस किंचित तेलाचा वास येतो, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी तो अजूनही खाली वाकून पाहतो.